गुडघे वाजतात, काय करू? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात मी मानदुखीवर लिहिलं होतं आणि पत्रं आली ती जवळपास सगळी गुडघ्यांची. रोप लावणी उरकली की दरवर्षी असंच होतं, चिखलात वाकून वाकून आठवडे गेलेले असतात, मग माणूस जरा बसतो आणि तेव्हा शरीर काय बोलतंय ते ऐकू यायला लागतं. बहुतेक पत्रांत एकच काळजी होती, गुडघ्यातनं आवाज येतोय. त्यातली सहा पत्रं निवडली, थोडी छोटी केली, नावं अर्थातच दिलेली नाहीत.

वडगाव, बेळगाव. वय ४८.
*आम्ही नवरा-बायको दोघं पॉवरलूमवर साड्या विणतो. दिवसभर उभ्यानं काम, मागांच्या खडखडाटात दुसरं काही ऐकूच येत नाही. पण रात्री माग बंद झाले की पाणी प्यायला उठताना दोन्ही गुडघ्यांतनं कट्कट् आवाज येतोय. दुखत काही नाही. सासूबाई म्हणतात वंगण संपलं. त्या भीतीनं मी माळ्यावर चढायचं सोडलं, सोमवारी कपिलेश्वराला चालत जायची ते पण बंद केलं, आता रिक्षानं जाते. वंगण वाढायला काय खाऊ?*

ताई, तुमचं पत्र वाचून मला आवाजाची काळजी वाटली नाही, बंद केलेल्या चालण्याची वाटली. आधी आवाजाचं सांगते.

गुडघ्यात तीन हाडं भेटतात, वर मांडीचं, खाली नडगीचं आणि समोर वाटी. ही वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीतनं वर-खाली सरकत असते. हाडांच्या टोकांवर कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ असा गुळगुळीत थर, असते आणि सगळ्याभोवती एक बंद पिशवी, तिच्यात थोडासा चिकट द्रव, त्यालाच आपण वंगण म्हणतो. आता हे वंगण किती असतं? निरोगी गुडघ्यातसुद्धा छोटा चमचाभर पण नसतं. त्यामुळं "संपलं" ह्या शब्दानं घाबरू नका, ते भांड्यातल्या तेलासारखं हळूहळू आटून जात नाही, पिशवीचं आतलं अस्तर ते रोज नव्यानं तयार करत असतं.

एकच कट् आवाज येतो आणि लगेच परत काढायला गेलं तर येत नाही, तो बहुतेक वेळा बुडबुड्याचा. धुतलेल्या दोन ओल्या ताटल्या एकमेकींना चिकटतात आणि ओढून सोडवल्या की टक् होतं बघा, साधारण तसं. सांध्यातले दोन भाग झटकन लांब गेले की आतला दाब कमी होतो आणि द्रवात विरघळलेला वायू पोकळी करून बाहेर पडतो. ह्याच्यावर शास्त्रज्ञांचा वाद बरीच वर्षं चाललाय, १९४७ साली लंडनमधल्या दोघांनी बोटं ओढून एक्स-रे काढले आणि म्हणाले की पोकळी तयार होताना आवाज येतो, १९७१ साली दुसऱ्यांनी सांगितलं की नाही, बुडबुडा फुटताना येतो, मग २०१५ साली कॅनडात आल्बर्टा युनिव्हर्सिटीच्या लोकांनी चालू एमआरआयमध्ये बोटं ओढून बघितली तर पोकळी तयार होतानाच आवाज आलेला दिसला. कुठलंही खरं धरलं तरी हाड झिजतंय म्हणून तो आवाज येत नाही.

दुसरा आवाज कंडरेचा. स्नायूची दोरी हाडाच्या उंचवट्यावरनं सरकून पलीकडं पडते, तो खट् आवाज दरवेळी त्याच कोनात येतो, जिन्याच्या त्याच पायरीवर, तसाच उठताना. आणि तिसरी असते करकर. खुर्चीत बसा, तळहात वाटीवर सपाट ठेवा आणि पाय हळूहळू सरळ करा. बारीक वाळू दळल्यासारखं हाताला लागलं तर ती वाटी आणि खोबणीमधली खरखर. हे ऐकून लगेच झिज झाली असं समजू नका, १९८७ साली ब्रिटनमध्ये यंत्र लावून निरोगी गुडघ्यांची कंपनं मोजली तेव्हा ९९ टक्के गुडघ्यांत वाटीची ही खरखर सापडली होती. नव्याण्णव! म्हणजे न वाजणारा गुडघाच शोधावा लागेल.

पण खोटा धीर द्यायचा नाही म्हणून हे पण सांगते. २०१७ साली अमेरिकेतल्या साधारण साडेतीन हजार लोकांचा एक अभ्यास आला, ज्यांना आवाज नेहमी ऐकू यायचा त्यांच्यात पुढं जाऊन दुखणारी झिज जास्त जणांना झाली, त्यातल्या बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये आधीच काही बदल होते. म्हणून पन्नाशीच्या आसपास वाजणाऱ्या गुडघ्याकडं लक्ष द्यावं, घाबरू नये, आणि लक्ष देणं म्हणजे मांडीची ताकद वाढवणं.

आणि इथंच तुमची रिक्षा मला खुपली. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात ताई. तिला खाणं-पिणं मिळतं ते त्याच द्रवातनं, पाय टेकला की ती दाबली जाते, उचलला की परत फुगते आणि द्रव आत ओढून घेते, ओलं फडकं पिळून सोडल्यासारखं. चालणं हेच तिचं जेवण. तुम्ही उभ्या असता दिवसभर, पण उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, आणि चालायचं बंद केलं की मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो, मग वाटीला धरून ठेवणारं कोणी राहत नाही, मग दुखायला लागतं, आणि माणूस म्हणतो बघा, आवाज येत होता तेव्हाच कळलं होतं. कपिलेश्वराला चालत जा. पुढच्या सोमवारपासनं जा. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेवर रिक्षा केली तरी चालेल पण सुरुवात करा.

घरी एक करा, रात्री माग बंद झाल्यावर अंथरुणावर पाय लांब करून बसा, टॉवेलाची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा आणि गुडघ्यानं ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. मांडीवर बोट ठेवून बघा, स्नायू दगडासारखा घट्ट व्हायला पाहिजे, नाही झाला तर तुम्ही नुसता पाय हलवताय. दहा वेळा एका पायाला, मग दुसऱ्या. आठवड्यानं त्याच्या जोडीला खुर्चीतनं हात न टेकता उठ-बस, आधी पाच वेळा, मग दहा. उठताना कट्कट् आली तरी थांबायचं नाही, दुखत नाही तोवर आवाज गेला उडत.

खाण्याचं विचारलंत. डिंकाचे, मेथीचे लाडू थंडीत खुशाल खा, चांगले असतात, पण ते सरळ गुडघ्यात जाऊन वंगण होत नाहीत. मेडिकलमध्ये ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्या मिळतात, २००६ साली अमेरिकेत १५८३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि सगळे मिळून बघितलं तर साध्या खोट्या गोळीपेक्षा त्यांचा फायदा ठळक दिसला नाही. ते पैसे चांगल्या चपलेत घाला, मागावर उभं राहताना पायाखाली जाड रबरी मॅट घाला, जास्त उपयोग होईल.

खानापूर तालुका. वय १९.
*सर/मॅडम, मी आर्मी भरतीची तयारी करतोय. तीन आठवड्यांपूर्वी कबड्डी खेळताना पाय रोवून वळलो आणि उजव्या गुडघ्यात टप् असा मोठा आवाज झाला, बाजूच्या पोराला पण ऐकू गेला. संध्याकाळपर्यंत गुडघा फुग्यासारखा सुजला. गावातल्या एका मालीशवाल्याकडं दोनदा चोळून घेतलं, सूज उतरली. आता सरळ पळताना बरं वाटतंय पण वळलो की गुडघा सटकतो. १६०० मीटर पळायला कधीपासून सुरू करू? पंधरा दिवस बास होतील काय?*

नाही बाळा. पंधरा दिवसांचं हे काम नाही, आणि वरच्या ताईंना जे सांगितलं ते तुला लागू नाही, म्हणून तुझं पत्र मुद्दाम त्यांच्याच खाली ठेवलंय.

आवाज एकदाच झाला, मार लागताना झाला, आणि काही तासांत सूज आली. ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या की आम्ही पहिल्यांदा गुडघ्याच्या आतल्या पुढच्या दोरीचा, एसीएल म्हणतात त्या लिगामेंटचा, विचार करतो. इतक्या लवकर सूज येते ती बहुतेक वेळा आत रक्त साचल्यामुळं. सूज उतरली म्हणजे दोरी जुळली असं नसतं. सरळ पळताना तिची फारशी गरज पडत नाही म्हणून तुला बरं वाटतंय, वळताना लागते, आणि तिथंच तुझा गुडघा सटकतोय. प्रत्येक सटकण्याला आतल्या गादीला, म्हणजे दोन हाडांमधल्या चंद्रकोरीसारख्या चकतीला, चिमटा बसतो आणि एक दिवस ती पण फाटते.

तर आता चोळणं बंद, कबड्डी बंद, उड्या बंद. हाडांच्या डॉक्टरांकडं ह्याच आठवड्यात जा, बेळगावला यायला बसचा तास-दीड तास लागत असेल तर लागू दे. ते हातानं गुडघा पुढं ओढून बघतील, बहुतेक एमआरआय सांगतील. आणि गुडघा कधी अर्ध्यात अडकला, सरळच होईना, तर आठवड्याची पण वाट बघायची नाही. जबरदस्तीनं ओढून सरळ करू नकोस.

मला कळतंय तुझं. खानापूर काय, बेळगाव काय, आपल्याकडं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर शहरातच आहे, लहानपणापासनं पोरं ते गेट बघत मोठी होतात, पहाटे चारला उठून रस्त्यावर पळतात, आणि वयाची अट डोक्यावर असते. पण फाटलेल्या दोरीवर पळून मैदान मारलंस आणि ट्रेनिंगमध्ये गुडघा गेला तर काय उपयोग? दोरी फाटली असेल तरी सगळ्यांचंच ऑपरेशन होत नाही, काहींचं व्यायामावर भागतं, काहींना नवी दोरी बसवावी लागते आणि मग परत मैदानात उतरायला साधारण नऊ महिने ते वर्ष जातं. नक्की काय ते तपासल्यावरच. आई-वडिलांना सांगितलंयस का? पत्रात तसं दिसत नाही. आज सांग.

अनगोळ, बेळगाव. वय ३०.
*बोटं मोडली की सांधेदुखी होते असं आजी म्हणायची, गुडघा मुद्दाम मोडला तर चालतो का?*

बोटं मोडल्यानं संधिवात होतो असं कुठल्याही अभ्यासात दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरांनी तर पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली, उजव्या हाताची सोडून दिली, आणि १९९८ साली लिहिलं की दोन्ही हातांत काही फरक नाही. एका माणसावरनं सगळं ठरत नाही, पण चिकाटी बघा. गुडघ्याला मात्र मुद्दाम झटके देऊन आवाज काढू नका, बोट ओढणं वेगळं आणि अंगाचा भार असलेला सांधा पिळणं वेगळं. आपोआप वाजला तर वाजू दे.

निपाणी. वय ५५, लेकीनं लिहिलेलं पत्र.
*आई तीस वर्षं विड्या वळते. दिवसभर मांडी घालून, मांडीवर सूप. आता उठताना दोन्ही गुडघे करकरतात आणि दुखतात, भिंतीला धरून उठते. एकानं पुडीतलं औषध दिलं, चार महिने झाले, त्यानं एकदम बरं वाटतंय, भूक पण वाढली. पण तोंड सुजल्यासारखं गोल दिसायलंय. दोन दिवस पुडी चुकली तर अंथरुणातनं उठत नाही. चालू ठेवू का?*

हे पत्र आलं त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही. लेकी, गुडघ्याचं नंतर बोलू, आधी पुडीचं.

नाव नसलेली पुडी, एकदम आलेला आराम, वाढलेली भूक, गोल झालेला चेहरा, आणि चुकली की अंगातली ताकदच जाणं. ह्या खुणा स्टिरॉइडच्या आहेत. खात्री रक्त तपासूनच होईल, पण मी गप्प बसू शकत नाही. असलं औषध महिनोन् महिने पोटात गेलं की साखर वाढते, बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, आणि शरीर स्वतःचं स्टिरॉइड तयार करायचं थांबवतं. म्हणून पुडी उद्यापासनं एकदम बंद करू नका. एकदम बंद केली तर बीपी खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. उरलेल्या पुड्या पिशवीत घाला, आईला घेऊन एमडी डॉक्टरांकडं, नाहीतर सरकारी दवाखान्यात जा, उद्याच जा, पुड्या टेबलावर ठेवा आणि सगळं खरं सांगा. ते हळूहळू डोस कमी करून बंद करतील. मध्येच उलट्या, चक्कर, ग्लानी आली तर थेट इमर्जन्सीत. आईला रागावू नका, दुखणाऱ्या माणसानं आराम मिळाला तिथं हात पुढं केला, तिचा काय दोष.

आता गुडघे. करकर आणि दुखणं दोन्ही आहे, वय ५५, उठताना भिंत लागते, हे झिजेचं चित्र आहे. मांडी घालून बसण्यानं गुडघा पूर्ण दुमडलेला राहतो आणि उठताना त्या दुमडलेल्या सांध्यावर सगळा भार एकदम येतो. विड्या बंद करा असं मी म्हणणार नाही, घर त्याच्यावर चालतंय. पण बसायची उंची बदलता येते. भिंतीला टेकून एखाद्या बुटक्या स्टुलावर बसायचं, पाय पुढं सैल सोडायचे, सूप मांडीवर तसंच राहतं. मी एका बाईंना असं बसवून बघितलंय, पहिले चार दिवस हाताचा वेग कमी झाला, त्यांची कुरकुर चालली, मग जमलं. अर्ध्या तासानं एकदा उठून दाराशी जाऊन यायचं. संडासात कमोड नसेल तर प्लॅस्टिकची कमोड खुर्ची मिळते ती आधी आणा, नी कॅप नंतर. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो, म्हणून तीन-चार किलोसुद्धा कमी म्हणू नका. पण तिची भूक औषधानं वाढलीय, ते सुटल्यावर वजनाचं बघू, आता तिला जेवणावरनं बोलू नका.

चिकोडी. मुलानं लिहिलेलं.
*वडिलांच्या दोन्ही वाट्या बदलल्या, सहा महिने झाले. दुखत नाही, शेतापर्यंत चालतात. पण चालताना टक् टक् वाजतं. बसवताना काही चुकलं काय?*

आपण वाटी बदलली म्हणतो पण बदलतात ती हाडांची टोकं, वर धातू बसतो, खाली धातूवर प्लॅस्टिकचा थर. दोन कठीण वस्तू भेटल्या की टक् होणारच, आणि ऑपरेशननंतर अनेकांना ते ऐकू येतं. मांडीत ताकद येईल तसं बरंच कमी होतं. दुखणं नव्यानं सुरू झालं, सूज आली, गुडघा डगमगायला लागला किंवा ताप आला तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. नाहीतर शेतापर्यंत चालू देत.

संकेश्वर. वय ४२, मुलगी.
*आईला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर कन्नडमध्ये भराभर बोलले, "मंडी, मंडी" म्हणत होते, आई म्हणाली मांडी दुखत नाही, गुडघा दुखतोय, सगळा घोळ झाला. एक्स-रे काढून म्हणाले गॅप आलाय, ऑपरेशन करा, नाहीतर दुर्बिणीतनं धुऊन घ्या. आई ६३ वर्षांची, घरातलं सगळं करते, बाजाराला जाते, जिना उतरताना तेवढं दुखतं आणि वाजतं. काय करावं?*

मंडीचा घोळ आपल्या भागात रोज होतो. कन्नडमध्ये मंडी म्हणजे गुडघा, आपली मांडी वेगळी. म्हणून पुढच्या वेळी जाताना एवढे शब्द घेऊन जा, मंडी नोवु म्हणजे गुडघेदुखी, बावु म्हणजे सूज, सप्पळ म्हणजे आवाज. आणि बोलण्याच्या आधी आईनं एका बोटानं दुखणारी जागा दाखवायची. वाटीच्या समोर, आतल्या बाजूच्या फटीत, का मागं लवणीत, ह्या एका बोटावरनं डॉक्टरला निम्मं कळतं आणि त्याला भाषा लागत नाही.

गॅपचं असं आहे. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, दोन हाडांमध्ये जी मोकळी जागा दिसते तीच कूर्चेची जागा. म्हणजे निरोगी गुडघ्यात गॅप असायलाच पाहिजे, झिजेत तो कमी होतो. "गॅप आलाय" हा शब्द बोलण्यात रुळलाय पण अर्थ उलटा आहे. तो एक्स-रे उभं राहून काढला होता का झोपवून, हे विचारा, कारण झोपवून काढला तर भार नसल्यामुळं फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. आणि फिल्म आणि दुखणं ह्यांचं नेहमी जुळत नाही, फिल्म वाईट आणि माणूस आठवडा बाजार फिरून येतो असं मी कितीदा बघितलंय.

दुर्बिणीतनं धुण्याबद्दल मी स्पष्ट सांगते. २००२ साली अमेरिकेत १८० रुग्णांवर एक चाचणी झाली, काहींचा झिजलेला गुडघा खरंच दुर्बिणीतनं धुतला किंवा साफ केला, काहींना नुसते वरचे छेद देऊन टाके घातले, दोन वर्षांनी दोघांत फरक नव्हता. नुसत्या झिजेसाठी ते करू नका. गुडघा खरोखर अडकत असेल तर गोष्ट वेगळी.

वाटी बदलण्याचं ऑपरेशन चांगलं आहे, ज्यांना लागतं त्यांचं आयुष्य बदलतं. पण ते फिल्म बघून ठरत नाही, दिवस बघून ठरतं. आई रात्री दुखण्यानं जागी होते का? घरातल्या घरात चालणं अवघड झालंय का? तीन महिने नीट व्यायाम करून पण दुखणं तसंच आहे का? तिन्हीचं उत्तर "नाही" असेल तर आत्ता घाई नाही. जिना उतरताना कठड्याला धरायचं आणि दुखरा पाय आधी खाली ठेवायचा, चढताना चांगला पाय आधी वर. आणि खुर्चीतनं हात न टेकता ती अर्ध्या मिनिटात किती वेळा उठते ते आज मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. वर वडगावच्या ताईंना सांगितलेले दोन व्यायाम रोज करून घ्या, सहा आठवड्यांनी परत मोजा, आणि दोन्ही आकडे मला कळवा.